घरी शिकणाऱ्या मुलांच्या पाठनियोजनासाठी सॉफ्टवेअर निवडताना कोणती कसोटी लावावी?

गोदातीर

नमस्कार. आम्ही नाशिकला गंगापूर रोडवर राहतो आणि आमची दोन्ही मुले घरीच शिकतात. मुलगी सहावीच्या वयाची आहे आणि मुलगा तिसरीच्या. दोघांची बहुतेक पुस्तके बालभारतीची आहेत, गणितासाठी मात्र वेगळी पुस्तकमाला घेतली आहे. मुलीने पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावी करावी असा आमचा विचार आहे.

आजवर सगळे नियोजन मी वहीत करत आले. यजमान सातपूरच्या कारखान्यात पाळीने काम करतात आणि विज्ञानाचे प्रयोग व भूमिती तेच घेतात. त्यामुळे त्यांची पाळी बदलली की आमचे सगळे वेळापत्रक हलते आणि वहीतली निम्मी पाने खोडाखोडीने भरतात. मुलगा आजारी पडला किंवा गावाला जावे लागले, तर कोणता पाठ कुठवर आला होता हे शोधण्यातच सकाळ जाते.

होमस्कूल प्लॅनेटसारखी खास गृहशिक्षणासाठी केलेली सॉफ्टवेअर आहेत, कामांच्या याद्या आणि नोंदी ठेवण्यासाठीची ट्रेलो आणि नोशन आहेत, आणि साधी गूगल शीट्सही आहेत. प्रत्येकाची जाहिरात वाचली की तेच योग्य वाटते. मराठीत नोंदी ठेवणाऱ्या आणि पाळीच्या नोकरीवर चालणाऱ्या घराने निवड करताना नेमके काय तपासावे? ज्यांनी प्रत्यक्ष वापरले आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

सातपूरकर

गूगल कॅलेंडर वापरून पाहा. पैसे लागत नाहीत, दोघांच्याही मोबाइलवर दिसते आणि पाळ्याही त्यातच टाकता येतात.

द्राक्षबाग

सातपूरकर, पाळ्या आणि सुट्ट्यांसाठी कॅलेंडर उत्तम आहे, पण पाठांसाठी ते अपुरे पडते. कॅलेंडरमध्ये पाठ तारखेला बांधलेला असतो. मंगळवारी अपूर्णांकांचा पाठ झाला नाही तर तो मंगळवारीच पडून राहतो आणि बुधवारी त्याच्या पुढचा पाठ समोर येतो. मग एकेक पाठ हाताने सरकवत बसावे लागते. गणित आणि भाषा यांत तारखेपेक्षा क्रम महत्त्वाचा असतो, कारण आधीचा पाठ झाल्याशिवाय पुढचा घेता येत नाही.

म्हणून माझी पहिली कसोटी अशी: चाचणीच्या काळात मुद्दाम एक पाठ चुकवावा आणि सॉफ्टवेअर त्याचे काय करते ते पाहावे. होमस्कूल प्लॅनेटमध्ये राहिलेले पाठ पुढे ढकलण्याची सोय आहे. ट्रेलोमध्ये प्रत्येक विषयाची एक उभी यादी करून त्यात क्रमाने कार्डे लावता येतात. तिथे तारीख नसली तरी चालते आणि वरचे कार्ड म्हणजे पुढचा पाठ, एवढे साधे गणित राहते. घरात एकच मूल असेल तर ट्रेलोवर भागते.

तुमच्या घरी दोन मुले आणि बदलत्या पाळ्या आहेत, म्हणून मी गूगल शीट्स सुचवतो. त्यात ‘वर्कडे-इंटल’ (WORKDAY.INTL) नावाचे एक सूत्र आहे. त्याला आरंभाची तारीख, पाठाचा अनुक्रमांक, आठवड्यातले वगळायचे वार आणि सुट्ट्यांची यादी द्यायची, की ते त्या पाठाची तारीख काढून देते. वार सात आकड्यांत सांगायचे असतात आणि त्यांची सुरुवात सोमवारपासून होते. शिकवण्याच्या वाराला शून्य आणि बाकीच्या वारांना एक. भूगोल फक्त सोमवारी आणि गुरुवारी असेल तर ०११०१११ असे होईल. सूत्रात हे आकडे इंग्रजी अंकांत आणि अवतरणचिन्हांत लिहावे लागतात. सूत्र आरंभाच्या तारखेनंतरचे दिवस मोजते, म्हणून आरंभाला पहिल्या पाठाच्या आदल्या दिवसाची तारीख द्यावी.

याचा फायदा असा की मूल आजारी पडले तर ती एक तारीख सुट्ट्यांच्या यादीत भरायची, आणि त्यानंतरचे सगळे पाठ आपोआप पुढे सरकतात. प्रत्येक विषयाची चुकलेल्या दिवसांची यादी वेगळी ठेवली तर एका विषयाच्या खाड्यामुळे दुसरा विषय हलत नाही. पाठ प्रत्यक्ष कधी झाला ती तारीख मात्र स्वतंत्र रकान्यात हाताने लिहावी. सूत्राने काढलेली तारीख ही केवळ योजना असते.

टाचणवही

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो आहे, त्यामुळे सॉफ्टवेअरविषयी न बोलता नियोजनाविषयी चार शब्द लिहितो. शाळेत आम्ही वार्षिक नियोजन, घटक नियोजन आणि रोजचे टाचण असे तीन थर ठेवत असू. वार्षिक नियोजन क्वचित बदलायचे, टाचण रोज बदलायचे. एखादे सॉफ्टवेअर हे तिन्ही थर वेगळे ठेवू देते का, हे गोदातीर ताईंनी पाहावे. ज्या साधनात सगळे एकाच पातळीवर येते, तिथे एका दिवसाच्या गडबडीने वर्षाचा आराखडा दिसेनासा होतो.

दुसरे असे की शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० कामाचे दिवस आणि ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास असे प्रमाण दिले आहे. हे शाळांसाठी आहे, घरासाठी नाही, आणि घरी समोर एकच मूल असल्याने तोच भाग कितीतरी कमी वेळात होतो. तरीही वर्षाच्या सुरुवातीला पाठांची संख्या दोनशेच्या आसपासच्या दिवसांत बसते की नाही हे पडताळून पाहायला हा आकडा उपयोगी पडतो. अनेक पालक ३६५ दिवस डोळ्यांसमोर ठेवून पुस्तके निवडतात आणि दिवाळीनंतर त्यांची धावपळ सुरू होते.

तिसरी आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे नोंद. ‘पाठ ७ पूर्ण’ एवढेच लिहिले तर सहा महिन्यांनी त्यातून काहीच कळत नाही. आम्ही वर्णनात्मक नोंदी लिहीत असू. उदाहरणार्थ: ‘तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागतो, भागाकारात मधे शून्य आले की ते लिहायचे राहते, उत्तराचा पडताळा स्वतःहून करतो.’ अशा एका नोंदीवरून पुढच्या आठवड्यात काय घ्यायचे ते ठरते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये पाठासमोर फक्त बरोबरची खूण करता येते आणि दोन ओळी लिहायला जागा नसते, ते कितीही देखणे असले तरी मी घेणार नाही.

नाशिकरोड_आई

गुरुजी, तुमचा तिसरा मुद्दा अगदी पटला. माझ्या मुलाने एनआयओएसमधून दहावी केली, म्हणून त्या बाजूने लिहिते.

गोदातीर, एनआयओएसच्या दहावीच्या प्रवेशासाठी किमान वय १४ वर्षे आहे, म्हणजे तुमच्याकडे अजून अवकाश आहे. त्याआधी एखादा टप्पा प्रमाणित करून हवा असेल तर एनआयओएसच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष असे तीन स्तर आहेत. आपल्या राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाचीही पाचवी आणि आठवीची सोय आहे. दहावीच्या सार्वजनिक परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन सत्रांत होतात. त्याखेरीज प्रत्येक विषयाचे शिक्षक-मूल्यांकित स्वाध्याय असतात आणि त्यांना २० टक्के भार असतो. ते ठरलेल्या मुदतीतच द्यावे लागतात.

तेव्हा द्राक्षबाग म्हणतात तसा क्रम खालच्या इयत्तांत पुरतो. दहावीला मात्र परीक्षेपासून उलटे मोजत यावे लागते. त्या वर्षी आम्हाला मुदतीची तारीख आणि पाठांचा क्रम हे दोन्ही एकाच जागी दिसणे गरजेचे होते.

होमस्कूल प्लॅनेट आम्ही एक वर्ष वापरले. दोन मुलांची वेगळी वेळापत्रके, रोजच्या कामाची यादी ईमेलने येणे आणि राहिलेले काम पुढे ढकलणे या गोष्टी चांगल्या चालल्या. मात्र त्याची रचना अमेरिकेतील कुटुंबांसाठी आहे. विकत मिळणारे तयार पाठ तिकडच्या पुस्तकांचे असतात, त्यामुळे बालभारतीचा प्रत्येक पाठ मला स्वतः टंकावा लागला. गुणपत्रक आणि श्रेयांक यांची तिकडच्या पद्धतीची सोय आमच्या काही उपयोगी पडली नाही.

पैशांबाबत एक सूचना. वर्गणी डॉलरमध्ये असते आणि कार्डावर परकीय चलनाचे शुल्क वेगळे लागते. शिवाय १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी आधी नोंदणी आणि पडताळणी लागते. परदेशी सेवेचा मासिक हप्ता त्यात अडकण्याची शक्यता असते. घ्यायचेच असेल तर वार्षिक वर्गणी एकदाच स्वतः भरावी.

देवळालीकर

आपल्या नोंदी साधनातून बाहेर काढून घेता येतात का याविषयी वर कोणीच बोलले नाही, आणि माझ्या मते निवड तिथेच ठरायला हवी.

आम्ही वापरत असलेली एक छोटी परदेशी सेवा काही वर्षांपूर्वी बंद झाली. त्यांनी कळवले वेळेवर आणि नोंदी पीडीएफमध्ये उतरवून घेण्याची मुभाही दिली. पण त्या पीडीएफमध्ये इंग्रजी शब्द व्यवस्थित होते आणि मराठीच्या जागी कुठे रिकाम्या चौकटी होत्या, कुठे जोडाक्षरे फुटून वेलांटी भलत्याच अक्षरावर गेली होती. माझ्या मुलीच्या मराठीच्या आणि इतिहासाच्या सगळ्या नोंदी अशा वाया गेल्या. पडद्यावर तेच मराठी इतकी वर्षे अगदी स्वच्छ दिसत होते, म्हणून कधी शंकाही आली नव्हती.

तेव्हापासून मी कोणतेही साधन घेण्याआधी त्यात ‘ज्ञान, श्रावण, सूर्य, कृष्णा, दुसऱ्या, ट्रॅक्टर’ असे शब्द असलेली नोंद लिहून ठेवते, ती पीडीएफ आणि सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) या दोन्ही प्रकारांत उतरवते आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहते. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट दोनदा क्लिक करून उघडली तर मराठीच्या जागी अगम्य चिन्हे दिसू शकतात. तेवढ्यावरून फाइल बिघडली असे समजू नये. एक्सेलमध्ये ‘डेटा’ या विभागातून मजकूर फाइल आयात करावी आणि तिथे यूटीएफ-८ निवडावे, म्हणजे मराठी नीट येते. गूगल शीट्समध्ये आयात केली तर एवढे करावे लागत नाही.

जे साधन नोंदी बाहेर काढूच देत नाही, त्यात मुलाच्या शिक्षणाचा इतिहास ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे.

इंदिरानगर_बाबा

देवळालीकर ताईंनी सांगितलेली चाचणी मी आजच करून पाहिली. ज्या साधनाची वर्गणी मी भरणार होतो, त्याच्या पीडीएफमध्ये ‘दुसऱ्या’ची वाट लागली. मनापासून आभार.

मी एक वेगळी बाजू जोडतो. या सेवांमध्ये आपण मुलांची नावे, जन्मतारखा, छायाचित्रे आणि अभ्यासातील अडचणी लिहीत असतो. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे. बालकाची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. कायदा काहीही असला तरी पालक म्हणून आपल्या हातात बरेच असते. खाते पालकाच्या नावाने काढावे, मुलाचे पूर्ण नाव न लिहिता आद्याक्षर लिहावे, आणि वैद्यकीय स्वरूपाची माहिती नियोजनात घालू नये. वर्णनात्मक नोंदी मला पटतात, पण त्या जितक्या तपशिलाच्या, तितक्या त्या कुठे साठवल्या जातात याची काळजी जास्त घ्यावी.

सिन्नरची_वाट

मला या चर्चेच्या मूळ गृहीतकाविषयीच थोडे वेगळे म्हणायचे आहे. आपण सगळे आधी योजना आणि मग शिकणे असे धरून चाललो आहोत. आमच्या घरी मुले आधी शिकतात आणि आम्ही मागाहून नोंद करतो. मुलाला दगडांचे वेड लागले, तेव्हा आम्ही इथल्या गारगोटी संग्रहालयात वारंवार गेलो. त्यातून दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक कसे तयार होतात, तिथून ज्वालामुखी, आणि तिथून थेट रसायनशास्त्र असा प्रवास झाला. हिवाळ्यात नांदूरमधमेश्वरला पक्षी पाहायला गेलो. ते २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले हे कळल्यावर रामसर कुठे आहे इथपासून इराणचा नकाशा उघडला गेला. यातले काहीही मी आधी आखू शकलो नसतो.

अशा घराला पाठ पुढे ढकलणारे सॉफ्टवेअर निरुपयोगी आहे. मी ऑब्सिडियन नावाचे नोंदींचे सॉफ्टवेअर वापरतो. त्यात प्रत्येक नोंद आपल्याच संगणकावर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहते. तिला ‘भूगोल’, ‘रसायन’, ‘वाचन’ अशा खुणा जोडता येतात, आणि वर्षाच्या शेवटी एका खुणेखालच्या सगळ्या नोंदी एकत्र काढता येतात. देवळालीकर ताईंची भीतीही तिथे उरत नाही, कारण सेवा बंद झाली तरी फाइली कोणत्याही मजकूर-संपादकात उघडतात.

टाचणवही

सिन्नरकर, तुमच्या मुलाचा प्रवास वाचून फार आनंद झाला, आणि झिओलाइटचा धागा मी माझ्या नातवासाठी उचलतो आहे. पण वाचन, लेखन आणि गणिती क्रिया यांना क्रम लागतोच, हे मी आयुष्यभर वर्गात पाहिले आहे. भागाकार कच्चा असलेला मुलगा पुढे गुणोत्तर-प्रमाणाशी आणि बीजगणिताशी झगडत राहतो. त्याचे वेड कितीही मोठे असले तरी तिथे वेड पुरत नाही.

सिन्नरची_वाट

गुरुजी, गणिताच्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत आहे. आमच्याकडेही गणिताचे पुस्तक ओळीनेच चालते. माझा आक्षेप सगळ्या विषयांना एकाच साच्यात बसवणाऱ्या साधनाला आहे.

पंचवटीकर

मी कागदाच्या बाजूने बोलतो. मुलांना सॉफ्टवेअर दिसतच नाही. ते आईच्या मोबाइलमध्ये असते. आमच्या घरी दर रविवारी संध्याकाळी आठवड्याचा एक छापील कागद फ्रीजवर लागतो आणि मुले स्वतः पेन्सिलीने खुणा करतात. त्यामुळे ‘आज काय आहे?’ हा प्रश्न मला विचारावा लागत नाही, ती स्वतःच पाहून कामाला लागतात. वीज गेली किंवा नेट बंद पडले तरी कागद तिथेच असतो. कोणतेही सॉफ्टवेअर घ्या, पण त्यातून आठवड्याचे एक पान मराठीत नीट छापता येते का, हे नक्की पाहा.

एक स्थानिक सूचनाही करतो. २०२७ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. त्या काळात आमच्या भागात ये-जा करणे, शिकवणीला किंवा वाचनालयात जाणे किती अवघड होते हे मागच्या वेळी अनुभवले आहे. त्या वर्षीचे बाहेरचे कार्यक्रम आताच दुसऱ्या महिन्यांत हलवून ठेवा.

गोदातीर

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल आभार. इतके दिवस मी कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काय काय सोयी आहेत याची तुलना करत होते. आता कोणत्या गोष्टीला क्रम हवा, कशाला तारीख हवी आणि कशाची फक्त नोंद हवी, हे आधी ठरवून बसले.

गणित आणि मराठी-इंग्रजी भाषा यांचे पाठ द्राक्षबाग यांच्या पद्धतीने गूगल शीट्समध्ये घालते आहे. यजमानांकडे असलेल्या पाठांसाठी ‘बाबांबरोबर’ असा एक रकाना केला आहे. त्यांची पाळी कळली की तेवढेच पाठ फिल्टर लावून वेगळे काढता येतात. दुसरी पाळी असेल तर प्रयोग सकाळी होतात आणि पहिली असेल तर संध्याकाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात आम्ही ते घेतच नाही, कारण त्यांची झोप महत्त्वाची आहे. तो पूर्ण आठवडा त्या पाठांच्या सुट्ट्यांच्या यादीत जातो.

परिसर अभ्यास, इतिहास आणि सहली यांच्यासाठी सिन्नरची_वाट म्हणतात तशी मागाहून नोंद ठेवेन, पण तूर्त त्याच फाइलच्या दुसऱ्या पानावर, कारण मला दोन साधने सांभाळायची नाहीत. महिन्याच्या शेवटी सगळे सीएसव्ही आणि पीडीएफमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर ठेवेन. देवळालीकर ताईंचे शब्द मी त्यात लिहून पाहिले आणि ‘दुसऱ्या’ सुखरूप बाहेर आले. खास गृहशिक्षणाचे सॉफ्टवेअर घेण्याचा विचार मुलगी एनआयओएसच्या टप्प्यावर आली की पुन्हा करेन.

एक शंका उरली आहे. गोष्टीचे वाचन, चित्रकला, पांडवलेणीची सहल अशा गोष्टी दोघे एकत्र करतात. त्या दोघांच्या पानांवर दोनदा लिहायच्या का?

द्राक्षबाग

दोनदा लिहू नका, नाहीतर एकीकडे दुरुस्ती होईल आणि दुसरीकडे राहून जाईल. मुलांची पाने वेगळी न करता एकच पान ठेवा आणि त्यात ‘कोणासाठी’ असा रकाना घाला. त्यात मोठी, धाकटा किंवा दोघे यांपैकी एक निवडायचे. धाकट्याचा आठवडा छापताना फिल्टर लावून ‘धाकटा’ आणि ‘दोघे’ एवढ्याच ओळी ठेवायच्या. नोंदीचे रकाने मात्र दोन असू द्या, कारण एकाच लेण्यात मोठी शिलालेख पाहील आणि धाकटा पायऱ्या मोजेल.

नाशिकरोड_आई

त्या फिल्टर लावलेल्या यादीला प्रत्येकाच्या नावाने ‘फिल्टर व्ह्यू’ म्हणून जतन करून ठेवा, म्हणजे दर रविवारी पुन्हा निवडावे लागणार नाही. आणि नेट गेल्यावरही फाइल उघडावी म्हणून क्रोममध्ये ऑफलाइनची सोय आधीच चालू करून ठेवा. नेट गेल्यानंतर ती चालू करता येत नाही.